लायन किंग परत खेळायला घेताय? आधी दुसऱ्या लेव्हलची तयारी करा

नव्वदच्या दशकात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा शेजारच्या दादाच्या पीसीवर ज्यांनी लायन किंग खेळलाय त्यांना एकदा विचारून बघा, तिसरी लेव्हल कशी दिसायची ते. पहिली सगळ्यांना तोंडपाठ असते, सिंबा लोळतो, सरड्यावर उडी मारतो, शेवटी तरस येतो, दुसरीतली माकडं आणि शहामृग पण आठवतात आणि तिथेच गाडी अडकते. पुढचं कुणी सांगितलंच तर तो बहुतेक थापा मारतोय किंवा त्याच्याकडे चीट होते.

तर पहिल्यांदा हे डोक्यातून काढा की आपल्याला खेळता येत नव्हतं. पिक्चर आला जून १९९४ मध्ये आणि गेम त्याच वर्षी, बनवला लास वेगासच्या वेस्टवूड स्टुडिओजने. हो, तेच वेस्टवूड ज्यांनी १९९५ मध्ये कमांड अँड कॉन्कर काढला आणि ज्यांच्या रेड अलर्टवर पुढे सायबर कॅफेत पोरांनी रात्री घालवल्या. वेस्टवूडचा सहसंस्थापक लुई कॅसल यानेच नंतर सांगितलंय की गेम सुरुवातीलाच अवघड करायची मागणी डिस्नीकडून आली होती. कारण काय, तर अमेरिकेत गेमची कॅसेट व्हिडिओ लायब्ररीतल्या पिक्चरसारखी भाड्याने मिळायची, पोराने शनिवार-रविवारमध्ये गेम फार पुढे नेला तर तो विकत कशाला घेईल? म्हणून दुसऱ्याच लेव्हलला माकडांचं ते कोडं घट्ट करून ठेवलं. आपल्याकडे गेम आला फ्लॉपीवर कॉपी होत होत, म्हणजे ज्या भाड्याच्या धंद्यासाठी हा सगळा झोल केला त्याच्याशी आपला काडीचा संबंध नव्हता आणि भोगलं मात्र आपण.

म्हणूनच आता परत खेळायचा तर व्हर्जन, टीव्ही, कंट्रोलर, सगळं त्या दुसऱ्या लेव्हलच्या हिशोबाने निवडायचं. ती पार झाली की पुढचा गेम कठीण आहे पण फसवणारा नाही.

व्हर्जन कुठलं घ्यायचं

इथेच लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो कारण लायन किंग नावाचे गेम ढिगाने आहेत. पिक्चरवरचा १९९४ चा मूळ गेम सुपर निन्टेंडो, सेगा मेगाड्राइव्ह, डॉस (म्हणजे विंडोजच्या आधीची पीसीची सिस्टीम), अमिगा, गेमबॉय अशा बऱ्याच मशीनवर आला आणि सगळे एकसारखे नाहीत. लहानपणी ज्यांच्याकडे टीव्हीला लावायचा स्वस्तातला कार्ट्रिजवाला गेम होता, त्यातला लायन किंग म्हणजे एकतर निन्टेंडोच्या ८ बिट व्हर्जनची कॉपी नाहीतर कुणीतरी परस्पर बनवलेला भलताच गेम. आणि ते ८ बिट व्हर्जन अर्धवटच आहे, सिंबा मोठा व्हायच्या आतच गेम संपतो, स्कारशी मारामारी नाहीच. त्यामुळे जुन्या आठवणीसाठी तेच शोधत बसला असाल तर एक संध्याकाळ खेळा आणि सोडून द्या.

पूर्ण गेम हवा असेल तर आज दोन सरळ रस्ते आहेत. एक म्हणजे डॉसवालं व्हर्जन, जे आपण लॅबमध्ये खेळलो, ते गॉग नावाच्या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर अधिकृत विकत मिळतं, डॉसबॉक्ससकट (जुने डॉस गेम आजच्या पीसीवर चालवणारा प्रोग्राम) येतं, इन्स्टॉल केलं की चालू. दुसरा म्हणजे ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेलं कलेक्शन ज्यात अलादीन आणि लायन किंग एकत्र आहेत, डिजिटल एक्लिप्स नावाच्या स्टुडिओने केलंय, पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विच सगळ्यांवर आहे. यात लायन किंगची सुपर निन्टेंडो, मेगाड्राइव्ह आणि गेमबॉय व्हर्जन मिळतात. २०२१ मध्ये त्याचीच मोठी आवृत्ती आली, त्यात जंगल बुक आणि कॅपकॉम कंपनीने बनवलेला वेगळा अलादीन वाढवलाय.

माझं मत विचाराल तर कलेक्शन घ्या आणि त्यातलं सुपर निन्टेंडो व्हर्जन लावा. म्युझिक जाम भारी वाजतं, मेगाड्राइव्हचा आवाज त्यापुढे पत्र्याच्या डब्यासारखा वाटतो, (मेगाड्राइव्हवाले भांडायला येतील, येऊ देत.) पण खरं कारण म्युझिक नाही. कलेक्शनमध्ये कुठेही सेव्ह करता येतं, बटण दाबून काही सेकंद मागे जाता येतं, आणि गेम स्वतःच स्वतःला खेळताना बघायची सोय आहे, वाटेल तिथे बटण दाबून सूत्रं आपल्या हातात घ्यायची. माकडांसाठी याच्याइतका चांगला मास्तर नाही. मूळ कार्ट्रिजमध्ये ना सेव्ह होतं ना पासवर्ड, लाइफ आणि कंटिन्यू संपले की पहिल्यापासून.

अस्सल जुनं कन्सोलच हवंय म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेऱ्या मारणाऱ्यांसाठी (रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात) दोन-तीन गोष्टी. अमेरिकन कन्सोलचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, जपानी तर १०० व्होल्टचा, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तसाच घातला तर धूर निघेल, त्यामुळे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर सोबतच घ्या. अमेरिकन आणि जपानी मशीन एनटीएससी, आपले जुने टीव्ही पाल, या टीव्हीला चित्र पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती, त्यामुळे बऱ्याच जुन्या टीव्हींवर चित्र काळं-पांढरं येतं, दुकानदार म्हणेल मशीन ओके आहे आणि तो खोटं बोलत नसतो. पाल कन्सोल घेतलात तर तो सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेम दाखवतो, ज्या गेममध्ये त्यासाठी वेगळी सोय केलेली नसते ते जवळपास १७ टक्के हळू चालतात. आणि कार्ट्रिज चालली नाही तर फुंकर मारू नका, मुंबईच्या दमट हवेत त्या पिना आधीच गंजायला टपलेल्या असतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच लावा.

टीव्ही आणि कंट्रोलर

हा भाग लोक सोडून देतात आणि मग गेमला शिव्या घालतात. आजचे एलईडी टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते थोडं उशिरा दाखवतात, म्हणजे तुम्ही बटण दाबलंत आणि सिंबाने उडी मारली यात एक बारीकशी फट पडते. मालिका बघताना कळत नाही, पण शहामृगावर बसल्यावर हीच फट जीव घेते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधा आणि चालू करा. चित्र थोडं फिकट होईल, चालतं. टीव्हीचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घेत असाल तर तेही बंद, तो आवाज मागून येतो.

चित्र ताणून अख्खा स्क्रीन भरू नका. गेम ४:३ च्या चौकोनी टीव्हीसाठी बनलाय, ताणला की सिंबा मांजरासारखा लांबट दिसतो आणि उड्यांचा अंदाज चुकतो. डॉसवाल्यांना इथे वेगळाच लोचा आहे. डॉस गेमचं चित्र ३२० बाय २०० चं असायचं, म्हणजे नुसत्या आकड्यांवर गेलं तर रुंद, पण जुना मॉनिटर ते उभं ताणून ४:३ करून दाखवायचा. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये अॅस्पेक्ट नावाची ओळ शोधा, समोर फॉल्स असेल तर ट्रू करा, सेव्ह करा आणि गेम परत चालू करा. मग बघा प्राइड रॉक नीट उभा दिसतो की नाही.

डॉसबॉक्समध्येच अजून काही गोष्टी. फुल स्क्रीनसाठी ऑल्ट आणि एंटर. गेम अडखळत असेल तर कंट्रोल आणि एफ १२ ने वेग वाढतो, पिसाटल्यासारखा पळत असेल तर कंट्रोल आणि एफ ११ ने कमी होतो, दोन्ही थोडं थोडं दाबून बघायचं. सेटअपने साउंडकार्ड विचारलं तर साउंड ब्लास्टर निवडा, अॅड्रेस २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, डॉसबॉक्स मुळात याच आकड्यांवर बसलेला असतो. कंट्रोल आणि एफ १ दाबलं की बटणं बदलायची खिडकी उघडते, तिथून गेमपॅडची बटणं जोडून घेता येतात.

आणि गेमपॅड घ्याच. स्वस्तातल्या कीबोर्डवर एकाच वेळी तीन बटणं दाबली की तिसरं बऱ्याचदा लागतच नाही, उजवीकडे पळत, उडी मारत, त्यातच अजून काही करायचं म्हटलं की सिंबा ठोंब्यासारखा खड्ड्यात. लॅबमधल्या निम्म्या मारामाऱ्या या कीबोर्डपायीच झाल्या असणार. महागडा पॅड नकोय, साधा यूएसबीवाला चालेल, फक्त चालण्यासाठी फुलीच्या आकाराचं बटण वापरा, अंगठ्याने फिरवायची काडी नको. काडीने अर्धवट दिशा जाते आणि या गेमला अर्धवट दिशा समजत नाही.

पहिली लेव्हल: इथे शाळा भरवा

ऑप्शनमध्ये जाऊन डिफिकल्टी इझी करा, लाज बाळगू नका. पहिली लेव्हल येते म्हणून झपझप पळू नका, पुढे जे जे लागणारे ते सगळं इथे फुकटात शिकता येतं.

वर एका बाजूला डरकाळीचा बार असतो, दुसऱ्या बाजूला तब्येतीचा. डरकाळी फोडली की बार रिकामा होतो आणि हळूहळू भरतो. बार पूर्ण भरलेला असतानाची डरकाळीच कामाची, अर्ध्यावर फोडली तर नुसतं म्यांव. साळिंदर समोर आलं की नवखा माणूस उडी मारतो आणि काटे लागून घेतो. त्याच्यावर भरलेल्या बारची डरकाळी फोडा, ते उलटं होतं, मग उडी. हे साळिंदर मिळेल तिथे मुद्दाम करून बघा, डरकाळी किती अंतरावरून लागते आणि बार भरायला किती वेळ जातो याचा अंदाज हातात बसू दे. माकडांच्या वेळी हाच अंदाज कामाला येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कड्याला लटकणं. सिंबा उडीत कड्याच्या टोकाला पंजे लावतो आणि वर चढतो. उडी कमी पडली असं वाटलं तरी दिशा सोडू नका, बऱ्याचदा तो पकडतो. किडे गोळा करत चला, तब्येत भरते, काही खास किडे तर बार कायमचे मोठे करतात आणि ते कोपऱ्याकापऱ्यात लपलेले असतात, त्यामुळे वरच्या फांद्या, मागचे कडे बघूनच पुढे जा. मध्येमध्ये टिमॉन आणि पुंबाच्या बोनस फेऱ्या येतात, त्यात लाइफ मिळतात.

शेवटच्या तरसाला एक नियम लागतो आणि तोच पुढच्या सगळ्या तरसांना: तो झेपावत असताना फक्त चुकवायचं. थोड्या वेळाने तो दमतो, जीभ काढून धापा टाकतो, तेव्हाच त्याच्या अंगावर उडी.

दुसरी लेव्हल

सुरू करण्याआधी सेव्ह करा. कलेक्शनवाले असाल तर आधी ती स्वतः चालणारी फेरी लावून ही लेव्हल पूर्ण बघा, चहा घेऊन बसा आणि फक्त माकडं कुठून कुठे फेकतात ते बघा.

सुरुवातीच्या जिराफांच्या मुंडक्या सोप्या आहेत, एकावरून दुसऱ्यावर, फार थांबू नका. प्राण्याच्या शेपटीला लटकून झोका घ्यायचा असतो तिथे लोक घाई करतात, झोका पुढच्या टोकाला पोचू दे, मग सोडा.

मग माकडं. ती सिंबाला पकडून ठराविक दिशेला फेकतात, पुढचं माकड झेलतं, तेही फेकतं, आणि तुम्ही फिरून फिरून चौकात परत. डरकाळी फोडली की माकड तोंड फिरवतं आणि फेकायची दिशा बदलते. कोडं एवढंच आहे. सगळे जण करतात काय, तर दिसेल त्या माकडावर डरकाळी फोडतात. माझा भाचा तेच करत होता.

"मामा, ही परत मला तिथेच आणून टाकतायत."

"डरकाळी कुणावर फोडलीस?"

"समोर होता त्याच्यावर."

"तो कुठे फेकत होता ते बघितलंस आधी?"

नव्हतं बघितलं. (त्याच्यासाठी लायन किंग म्हणजे २०१९ चा तो खऱ्यासारखा दिसणारा पिक्चर, हिंदीत मुफासाचा आवाज शाहरुखचा आणि सिंबाचा आर्यनचा. जुना सिंबा बघून पहिलं वाक्य, हा चपटा का आहे.) मग लाइट बिलाच्या मागच्या बाजूवर आम्ही माकडांचे गोल काढले, प्रत्येकाच्या तोंडासमोर बाण, आणि काहीही न करता एकदा स्वतःला फेकून घेतलं. कुठे उतरलो तिथे फुली. आता ज्या माकडामुळे वाट चुकली तेवढंच एक फिरवायचं, परत फेकून घ्यायचं, नवीन फुली. असं एका वेळी एकच माकड बदलत गेलात की कागदावर वाट आपोआप तयार होते. दोन माकडं एकदम फिरवलीत तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही आणि परत जुन्या गोंधळात. डरकाळीचा बार भरेपर्यंत शांत उभं राहा, घाईतल्या अर्ध्या डरकाळीने माकड हलत नाही आणि आपल्याला वाटतं फिरलं. फिरलंय का ते डोळ्यांनी बघा, तोंड बदललेलं दिसतं.

शहामृगाचा प्रकार वेगळा, तिथे डोकं नाही, हात. खाली अडथळा आला की उडी, वरून आला की वाकायचं, आणि काही ठिकाणी एका उडीने भागत नाही, हवेत असतानाच दुसरी मारावी लागते. हे सगळं पाठांतर आहे, प्रतिक्रिया देऊन जमणार नाही कारण वेगच तेवढा आहे. मोठ्याने बोलत खेळा, उडी, उडी, वाक, डबल, असं. घरचे बघतील, बघू देत. बोलल्याने हाताला ताल बसतो आणि रिवाइंड करताना नेमकं कुठल्या शब्दाला गडबड झाली ते लक्षात राहतं.

रिवाइंडबद्दल एकच सांगणं, अपघात पुसायला वापरू नका, चूक बघायला वापरा. चार सेकंद मागे जा, बटण कधी दाबलं ते बघा, मग खेळा. नाहीतर गेम पुढे जातो आणि हात तिथेच राहतो, आणि आठव्या लेव्हलला जाऊन वाट लागते.

तिसरीपासून सहावीपर्यंत

तिसरी, हत्तींची स्मशानभूमी, बघायला सुंदर आणि दुसरीच्या मानाने सोपी. गिधाडं झेप घेतात, तरस आता जोडीने येतात. एकाला दमवत असताना दुसरा मागे आहे हे विसरू नका, बाकी नियम तोच, धापा टाकायला लागला की उडी.

चौथीत वाइल्डबीस्टची चेंगराचेंगरी. सिंबा आपल्याच दिशेने पळत येतो आणि कळप त्याच्या भोवतीने. सुटलेल्या कॉलेजच्या पोरासारखं डावी-उजवीकडे उगाच झिगझॅग करू नका, मधल्या पट्ट्यात राहा म्हणजे दोन्हीकडे सरकायला जागा असते, दगड आला की उडी. छोटी लेव्हल आहे.

पाचवीत मागे धोंडे लागतात, थांबलात की गेलात. सहावीत धबधब्यावर पडत्या ओंडक्यांवरून वर चढायचं असतं. ओंडका खाली जातच असतो, म्हणून आपल्याला जायचंय त्याच्या थोडं वरचा ओंडका हेरून उडी मारायची, समोरचा नाही, आपण पोचेपर्यंत तो खाली उतरलेला असतो. शेवटी गोरिला आहे, त्याचा मारा कुठून कसा येतो ते एकदा नुसतं चुकवत बघा, मग जवळ जा.

मोठा सिंबा आणि स्कार

सातवीपासून सिंबा मोठा, आयाळवाला, आणि खेळायची पद्धतच बदलते. आता उडी मारून कुणी मरत नाही, पंजा मारायचा असतो, आणि शत्रू जवळ असताना त्याला पकडून फेकता येतं. हे फेकणं बहुतेक लोक शिकतच नाहीत कारण पंज्यांनी काम भागतं. तर सातवीतल्या बिबट्यांवर, नववीतल्या तरसांवर मुद्दाम फेकायचा सराव करा. दमल्याशिवाय शत्रू हाताला लागत नाही, किती जवळ जावं लागतं, आणि फेकल्यावर तो आपल्या कुठल्या बाजूला जाऊन पडतो, हे नीट बघून ठेवा.

आठवी जमिनीखाली, लाव्हा आणि वटवाघळं, इथे घाई नडते. नववी गुहांचं जाळं आहे, एका तोंडातून आत गेलं की भलतीकडे बाहेर, तो माकडांवाला कागद परत काढा आणि कुठली गुहा कुठे उघडते ते लिहीत जा.

दहावीत स्कार. तो एका ठिकाणी हरत नाही, मार खाल्ला की पळतो, मागे मागे वर चढत जायचं. शेवटच्या कड्यावर माणसं अर्धा अर्धा तास पंजे मारत बसतात आणि म्हणतात गेम अडकला. अडकलेला नसतो. नुसत्या पंज्यांनी स्कार संपतच नाही, त्याला कड्यावरून खाली फेकावा लागतो. आधी चुकवत, मारत दमवा, मग तुम्ही अशा बाजूला उभे राहा की फेकल्यावर तो दरीकडे जाईल, तरसांवर बघून ठेवलेली बाजू इथे लागते. आणि फेकलेला स्कार आतल्या बाजूला पडला तर लगेच रिवाइंड करत बसू नका, जागा बदला आणि परत दमवा, वेळ तेवढाच लागतो.

तेवढ्यात जेवायला हाक आली तर कलेक्शनवाल्यांनी सेव्ह करून उठावं. जुन्या कार्ट्रिजवाल्यांनी पॉज करून फक्त टीव्ही बंद करावा, कन्सोलचा प्लग नाही, आणि घरात सगळ्यांना तसं सांगून ठेवावं.